नॉटिंग हिल कार्निव्हल: पिंपं गळ्यात अडकवली आणि जत्रा चालू लागली

लंडनच्या नॉटिंग हिल वस्तीत रस्त्यावर भरणाऱ्या कॅरिबियन उत्सवाचं, म्हणजे नॉटिंग हिल कार्निव्हलचं श्रेय कोणाला, हा वाद जुना आहे. पत्रकार क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी 1959 मध्ये लंडनच्याच सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. तो सभागृहात होता. रस्त्यावरचा उत्सव 1966 मध्ये सुरू केला तो समाजसेविका रोन लॅस्लेट यांनी. वस्तीत कॅरिबियन, आयरिश, स्पॅनिश, पोर्तुगीज, युक्रेनियन कुटुंबं शेजारीशेजारी राहत, पण एकमेकांत मिसळत नसत. मुलांसाठी जत्रा भरवावी, एवढाच त्यांचा बेत होता.

खरी कलाटणी दिली वादक रस हेंडरसन यांच्या स्टील बँडने, म्हणजे पिंपांपासून केलेली वाद्यं वाजवणाऱ्या ताफ्याने. एका जागी वाजवलं की लोक कडं करून नुसते बघत राहतात. बँड चालायला लागला तसे लोक मागे निघाले आणि जत्रेची मिरवणूक झाली.

हे जमलं ते वाद्यामुळे. स्टीलपॅन म्हणजे तेलाचं पिंप. त्याचा तळ हातोडीने ठोकून वाटीसारखा खोल करतात, खुणा पाडून स्वर वेगळे करतात, मग तापवून सूर लावतात. उंच स्वरांना आखूड कापलेलं एक पिंप पुरतं, ते पट्ट्याने गळ्यात अडकवता येतं. खर्जाला मात्र अख्खी पिंपं लागतात, तीही अनेक, म्हणून त्यांना चाकांचा गाडाच हवा. ठोकताना पत्रा कुठे जास्त पातळ झाला तर तो फाटतो, आणि मग ते पिंप भंगारातच जातं.