दोन विद्यापीठं, एक अभ्यासक्रम आणि माझ्या टेबलावरची फाइल

आमच्या कुलगुरूंना एकाच पदवी-प्रमाणपत्रावर दोन बोधचिन्हं हवी होती. एक आमचं, एक ब्रिटनमधल्या विद्यापीठाचं. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, फोटो छापून आला आणि मग फाइल माझ्याकडे आली. मुंबईतल्या एका विद्यापीठात मी परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचं काम बघते. त्याआधी बरीच वर्षं परीक्षा विभागात होते. त्यामुळे 'अभ्यासक्रम संयुक्तपणे राबवला जाईल' हे करारातलं वाक्य वाचल्यावर मला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटली. राबवणार म्हणजे पेपर कोण काढणार? नापास कोण करणार?

पण त्याच्याही आधी साधं गणित अडलं. आराखडा ठरला होता तीन अधिक एकचा. तीन वर्षं मुंबईत, चौथं तिकडे, म्हणजे पालकांना खर्च झेपेल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांत अशा अभ्यासक्रमांचे तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेतले क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक, ३० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत आणि पदवी फक्त भारतीय संस्थेची. जॉइंट डिग्रीत दोन्हीकडे किमान ३० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात, तेव्हा दोन्ही बोधचिन्हांचं एक प्रमाणपत्र मिळतं. ड्युअलमध्ये दोन्ही विद्यापीठं आपापली पदवी एकाच वेळी देतात आणि भारतीय संस्थेतले क्रेडिट किमान ३० टक्के लागतात. आता चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट धरा. एका वर्षाचे झाले ४०, म्हणजे २५ टक्के. जॉइंटला ४८ लागतात. आठ क्रेडिटांनी कुलगुरूंचं स्वप्न हुकलं.

मग बैठकीत नेहमीसारख्या सूचना आल्या. ते आठ ऑनलाइन करून टाकू. पण नियमांना परदेशी संस्थेतले क्रेडिट ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळवलेले चालत नाहीत. सहावं सत्रही तिकडेच करू. मग सहा महिन्यांचा राहण्याचा खर्च वाढणार, तोही पौंडांत. शेवटी ड्युअल ठरलं. कुलगुरू जरा खट्टू झाले. "दोन प्रमाणपत्रं म्हणजे घरात दोन फ्रेमा, सर," असं मी म्हटलं, तेव्हा कुठे हसले.

परवानगीचा भाग त्या मानाने सोपा गेला. भारतीय संस्थेचं नॅक मूल्यांकन, म्हणजे गुणवत्तेची सरकारी तपासणी, ४ पैकी किमान ३.०१ असेल आणि परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असेल, तर यूजीसीची वेगळी मान्यता लागत नाही. आमचं दोन्ही बसत होतं. आमच्या घरच्या पायऱ्या मात्र चढाव्याच लागल्या: अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी 'परदेशी' हा शब्द ऐकून ताठ बसायचं आणि शुल्काचा आकडा ऐकून मागे टेकायचं.

क्रेडिटांचा ताळा चक्क जुळला. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं आणि वर्षाला ४० क्रेडिट. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट १० तासांचा आणि वर्षाला १२०. दोन्हीकडे वर्षाचे १,२०० तास. आमचा एक म्हणजे त्यांचे तीन. एवढं सुरेख गणित पाहून अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनी चहा मागवला.

गुणांनी तो चहा उतरवला. ब्रिटिश विद्यापीठात पदवीला ४० गुणांना पास आणि ७० ला फर्स्ट. साठ ते सत्तरच्या मधला विद्यार्थी तिथे चांगला समजला जातो. आपल्याकडे ६० म्हणजे फर्स्ट क्लास, तोही हल्ली काठावरचा वाटणारा, आणि ७५च्या पुढे डिस्टिंक्शन. त्यांच्या पदवीला त्यांनी फक्त चौथ्या वर्षाचे, म्हणजे स्वतः दिलेले गुण धरायचं ठरवलं. त्यांचा प्रश्न मिटला. आमचा नाही, कारण तिकडचे ४० क्रेडिट आमच्या सीजीपीएत, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्रित सरासरीत, धरायचे होते. तिकडे ६४ मिळवलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर आम्ही काय छापायचं? ६४च छापले, तर वर्गातल्या वरच्या फळीतली मुलगी इथे मधल्या रांगेत जाऊन बसते. मी रूपांतराचा तक्ता मांडला, तसे विद्या परिषदेतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "म्हणजे पोरं विमानात बसली की आपोआप हुशार होतात का हो?"

प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. नुसत्या तक्त्यावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता. म्हणून नावं झाकून तेच पेपर दोन्हीकडच्या प्राध्यापकांना तपासायला दिले. त्यातून जे दिसलं, ते या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वात मोलाचं वाटतं. आमचे परीक्षक मुद्दे मोजत होते: व्याख्या आली, आकृती आली, पाच मुद्दे आले, गुण पूर्ण. त्यांचे परीक्षक त्याच उत्तराला पन्नाशीत ठेवत होते, कारण मुद्दे सगळे होते पण विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं काय ते कुठेच नव्हतं. उलट एका अर्धवट उत्तराला त्यांनी आमच्यापेक्षा जास्त गुण दिले. त्या उत्तरात मुलाने दिलेल्या पद्धतीवरच शंका घेतली होती. हे पेपर समोर ठेवल्यावर तक्ता मंजूर झाला. शिवाय तिसऱ्या वर्षाच्या दोन विषयांत लेखी परीक्षेचं वजन कमी करून निबंध आणि प्रकल्प वाढवले. तिकडे जाऊन पहिल्याच असाइनमेंटला मुलांना धक्का बसण्यापेक्षा तो इथे बसलेला बरा.

पालकांना हे समजावणं वेगळं. पहिल्या तुकडीतल्या एका मुलाचे बाबा फोनवर म्हणाले, "मॅडम, अहो दहावीला चौऱ्याण्णव होते त्याला. बासष्ट कसे पडले?" मी तक्ता वाचून दाखवला. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, जो सगळेच विचारतात: ही पदवी इथे सरकारी नोकरीला चालेल ना? चालते. या नियमांखाली मिळालेल्या पदवीसाठी वेगळं समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागत नाही. हे उत्तर आता मी माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर टाकलंय.

मग एटीकेटी. मुंबईत वाढलेल्या माणसाला एटीकेटी समजावून सांगावी लागत नाही. ब्रिटिश लिंक ट्यूटरबाईंना, म्हणजे तिकडून आमच्याशी समन्वय ठेवणाऱ्या प्राध्यापिकेला, मात्र समजेना, की दोन विषयांत नापास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्गात बसतो कसा. त्यांच्याकडे फेरपरीक्षा दिली की विषयाचे गुण ४० वरच थांबतात, मग पेपर कितीही चांगला लिहा. आमच्याकडे तसं नाही. दोन्ही पद्धती एका अभ्यासक्रमात ठेवल्या, तर ज्याला जिथे सोयीचं तो तिथला नियम सांगणार. ठरलं असं: पहिल्या तीन वर्षांना आमचा नियम, चौथ्याला त्यांचा, आणि चौथ्या वर्षाला जाताना एकही विषय राहिलेला चालणार नाही. ज्याचा राहिला त्याला तो सोडवून, आणि ज्याला जायचंच नाही त्यालाही, आमची तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. अशी वाट ठेवणं नियमांनीच बंधनकारक आहे. मला तर ती पैशांच्या बाजूनेही महत्त्वाची वाटते. तिसऱ्या वर्षापर्यंत घरची परिस्थिती बदललेली मुलं दर तुकडीत असतात.

याचा ताण सगळा परीक्षा विभागावर आला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. हवा! तिकडचं सत्र सप्टेंबरअखेर सुरू होतं. त्याआधी प्रवेशपत्र, निधीचे पुरावे, टीबीची तपासणी, व्हिसा. म्हणजे जूनमध्ये गुणपत्रिका हातात नसेल तर पुढचं सगळं घसरतं. परीक्षा नियंत्रक सरांकडे मी बसून राहायचे. माझ्या जुन्याच खात्यात मी आता तगादा लावणारी बाई झाले होते. शेवटी या तुकडीचे पेपर वेगळ्या गठ्ठ्यात आधी तपासायचे, असं परीक्षा मंडळाकडून लेखी मंजूर करून घेतलं.

नावांचा घोळ कुणाच्याच लक्षात आला नव्हता. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. तिकडच्या प्रणालीने पहिला शब्द नाव म्हणून घेतला आणि शेवटचा आडनाव म्हणून. त्यामुळे 'डिअर पाटील', 'डिअर सावंत' अशी पत्रं आली आणि सगळ्या मुलांना आपापल्या आईचं नाव आडनाव म्हणून लागलं. एका मुलीच्या आईला ते फारच आवडलं. व्हिसा अधिकाऱ्यांना आवडलं नसतं. आता पहिल्या दिवशीच पासपोर्टवरचं नाव वेगळ्या रकान्यात घेतो. ज्याच्याकडे पासपोर्ट नाही त्याने पहिल्या वर्षातच काढायचा, असा नियमच केलाय.

पाहणीला ब्रिटिश विद्यापीठाची समिती आली ती ऐन पावसात. प्रयोगशाळा, ग्रंथालय, ई-जर्नल सगळं पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, विद्यार्थी तक्रार कशी करतात? आमचे विभागप्रमुख निरागसपणे म्हणाले, "येऊन भेटतात मला." समितीला कागद हवा होता: कुणाकडे, किती दिवसांत उत्तर, त्यावर अपील कुठे. तो तयार करताना जाणवलं, की साहेबांविषयीच तक्रार असेल तर मुलाने जायचं कुठे, याचं उत्तर खरोखरच आमच्याकडे धड नव्हतं. तो कागद आता सगळ्याच अभ्यासक्रमांना लागू आहे.

पैशांचं फार लिहीत नाही. त्यांचा हिस्सा पौंडांत, आमचं शुल्क रुपयांत, मध्ये विनिमय दर आणि परदेशी रकमेवरची करकपात. वित्त अधिकाऱ्यांनी सांगितलेलं एकच पाळा: दर कोणत्या दिवसाचा धरायचा, ते करारात लिहून घ्या.

मात्र कराराच्या नूतनीकरणाच्या चर्चेत आता नवीनच मुद्दा आलाय. जून २०२५ मध्ये यॉर्क, अॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी ही डिझाइन संस्था या पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईत स्वतःचं संकुल काढण्यासाठी इरादापत्रं मिळाली. आमचे भागीदार त्यांत नाहीत. पण पालक विचारतात, उद्या तेही आले तर आमच्या मुलाने एक वर्षासाठी थंडीत का जायचं, आणि तुमचं काय होणार? म्हणून नव्या मसुद्यात मी एक कलम घातलंय: त्यांनी भारतात संकुल काढलं, तरी तोवर प्रवेश घेतलेल्या प्रत्येक तुकडीला ठरलेल्या शुल्कात, ठरलेल्या जागी अभ्यासक्रम पूर्ण करू द्यायचा. विधी अधिकाऱ्यांनी 'भारतात'च्या जागी 'मुंबई महानगर प्रदेशात' सुचवलंय. मी 'भारतात'च ठेवा म्हटलंय. आमची बरीच मुलं पुण्या-नाशिकची आहेत.