शेवटचे वीस फूट

मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा सूर खुलवायला बसले की वाद्यांचे कारागीर चाचा आधी पंखा बंद करतात. दुकानातलं बोलणं आपोआप थांबतं. तार जिच्यावर टेकते त्या घोडीवरून कानस एकदा हलकेच फिरते, तार छेडली जाते, मग तार आणि घोडी यांच्या मधला सुताचा धागा ते केसभर पुढे सरकवतात आणि पुन्हा तार छेडतात. असं पाच-सहा वेळा झालं की सूर एकदम उमलतो आणि खोलीभर घुमत राहतो. ही सव्वातीन मिनिटं मी न कापता माझ्या माहितीपटात ठेवली आहेत. कॅमेरा सुरू करायच्या आधी चाचा एवढंच म्हणाले होते, "बेटी, लोकांना समोर बसवून दाखव. मोबाइलवर फिरवू नको." मी शब्द दिला होता.

माहितीपट ४८ मिनिटांचा आहे. चार वर्षं लागली. संकलन चालू असतानाच, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे शेवट नव्याने बांधावा लागला. पुढे वाचनालयं, संगीतसभा, शाळा अशा ठिकाणी खेळ सुरू केले.

शब्द मोडला तो एका तालुक्याच्या गावी. संध्याकाळी सहाचा खेळ होता, प्रोजेक्टर छताला टांगलेला, वायर पुरत नव्हती. आयोजक म्हणाले, "ताई, फाइल आमच्या लॅपटॉपवर पाठवा, आमचा प्रोजेक्टर वाय-फायवर चालतो." घाई होती. मी पूर्ण फाइल हवेतूनच त्यांच्या लॅपटॉपवर पाठवली. वाय-फायचा पासवर्ड हॉलच्या भिंतीवर कागदावर लिहिलेला होता, आणि ज्या फोल्डरमध्ये फाइल पडली ते त्या वाय-फायवरच्या सगळ्यांना खुलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं नाही. खेळ छान झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मी आनंदात घरी आले.

पंधरा दिवसांनी चाचांच्या नातवाचा फोन आला. जवारीचा तुकडा कुठल्याशा ग्रुपवर फिरत होता. ना माझं नाव, ना चाचांचं. आठवड्याभरात अख्खी फिल्म एका टेलिग्राम चॅनेलवर आली. मी मिरजेला गेले. चाचा रागावले नाहीत. नातवाचा फोन कानाला लावून त्यांनी तो तुकडा पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "माझे हात दिसतायत. सूर कुठे आहे यात?" फिरून फिरून आवाज इतका दाबला गेला होता की जवारी ऐकूच येत नव्हती. पोरं एवढंच बघून घरच्या तानपुऱ्याची घोडी घासायला बसतील, ही त्यांची काळजी होती. ती खरीही होती. एकदा जास्त घासलेली घोडी परत भरून येत नाही.

फिल्म कोणी उचलली ते मी शोधत बसले नाही. आधी ती उतरवायची होती. आपल्याकडे कॉपीराइट नियम, २०१३ मध्ये ७५ वा नियम आहे. मालकाने लेखी तक्रार दिली की मध्यस्थाने, म्हणजे ज्या सेवेवर प्रत पडली आहे तिने, ३६ तासांत ती प्रत दिसेनाशी करायची आणि २१ दिवस तशीच ठेवायची. मात्र तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर त्याला ती पुन्हा खुली करता येते. तक्रारीत फिल्म माझीच कशी, नेमकी कुठे पडली आहे आणि मी दावा दाखल करेन, हे सगळं लिहून द्यावं लागतं. मी दिलं. एक दुवा गेला, दुसरा वेगळ्या नावाने उगवला. त्याच आठवड्यात कॉपीराइट नोंदणीचाही अर्ज केला: नमुना चौदा, चित्रपटाचं शुल्क ५,००० रुपये, डायरी क्रमांक, आणि हरकतींसाठी ३० दिवसांची वाट. हक्क नोंदणीमुळे जन्माला येत नाही, कलाकृती तयार झाली की तो असतोच. पण नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, म्हणून ते काम मी आधीच करायला हवं होतं.

खरं शिक्षण सुरू झालं ते माझ्या भाच्यापासून. तो पुण्यात व्हिडिओच्या तंत्रज्ञानातच काम करतो. मी त्याला विचारलं, हॉलच्या वाय-फायला पासवर्ड होता ना, मग? तो म्हणाला, "मावशी, वाय-फायचं कुलूप रस्त्याला असतं, सामानाला नसतं. रस्त्यावर आलेल्या प्रत्येकाला तुझं सामान उघडंच दिसणार. आणि त्या रस्त्याची किल्ली तर भिंतीवर टांगलेली होती." हे एक वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर चाचांचा तो चेहरा मला बघावा लागला नसता. म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहिते आहे. माझ्यासारखे कितीतरी जण पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन गावोगाव फिल्म दाखवत फिरतात.

मग सामानालाच कुलूप घालायचं ठरलं. मी महिन्याच्या भाड्यावर एक सेवा घेतली. तिथे फिल्म चढवली की तिचे काही सेकंदांचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा एईएस-१२८ या पद्धतीने कुलूपबंद होतो, आणि किल्ली तुकड्यांबरोबर कधीच जात नाही. ती वेगळ्या ठिकाणी असते. बघणाऱ्याच्या उपकरणाने ती मागायची, सेवेने ओळख तपासायची आणि मुदत घालून द्यायची. या व्यवस्थेला डीआरएम म्हणतात. अँड्रॉइडवर गुगलचं वाइडवाइन चालतं, ॲपलच्या उपकरणांवर फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी. वाइडवाइनमध्येही पायऱ्या आहेत. एल-१ असेल तर किल्ली आणि उलगडलेलं चित्र प्रोसेसरच्या बंदिस्त कप्प्यातच राहतं. एल-३ मध्ये सगळं काम साध्या सॉफ्टवेअरवर, म्हणून त्याला सहसा कमी दर्जाचंच चित्र देतात. माझ्या जुन्या टॅबवर फिल्म धुरकट का दिसते, यावर मी एक अख्खी दुपार घालवली. तो एल-३ होता.

परवान्याच्या अटी मीच निवडायच्या होत्या. एका खेळाला एक उपकरण, ४८ तासांची मुदत. शेवटी एक चौकट होती: बाहेर जाणाऱ्या चित्राला एचडीसीपीचं कुलूप सक्तीचं करायचं का? मी हो म्हटलं.

पुढचा खेळ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. या वेळी मी आदल्या दिवशीच गेले. लॅपटॉप टेबलावर, प्रोजेक्टर वीस फुटांवर छताला, त्याच्या पाठीत मिराकास्टचा, म्हणजे लॅपटॉपचा पडदा हवेतून ओढून घेणारा डोंगल. लॅपटॉपचा पडदा भिंतीवर छान उमटला. मी फिल्म लावली. तानपुऱ्याचा षड्ज घुमला आणि भिंत काळी झाली. आवाज व्यवस्थित, चित्र नाही. विज्ञानाचे सर आणि मी दोन तास खटपट केली. वायर काढली, घातली, डोंगल बंद करून चालू केला. दर वेळी तेच. शेवटी भाच्याला फोन लावला. "मावशी, बिघाड नाहीये. कुलूप काम करतंय," तो म्हणाला.

एचडीसीपी म्हणजे उपकरणातून पडद्याकडे जाणाऱ्या चित्राचं कुलूप. इंटेलने ते आधी वायरसाठी बनवलं. त्या पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणाला ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या दिलेल्या असत, आणि त्या सगळ्या ज्या मूळ किल्लीतून निघत तीच सप्टेंबर २०१० मध्ये उघड झाली. इंटेलने ती खरी असल्याचं मान्य केलं. तोवर दुसरी पिढी आलेली होती. तिची आखणीच अशी की चित्र वायरीतून जावो वा हवेतून, कुलूप तेच. चित्र पाठवणारं उपकरण घेणाऱ्याकडे आधी प्रमाणपत्र मागतं. मग रद्द केलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचं नाव नाही ना, हे बघतं. त्यानंतरची पायरी मला फार आवडली. पाठवणारं एक प्रश्न टाकतं आणि काही मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर व्यवहार तोडतं. म्हणजे ते विचारतं, तू खरंच इथेच, या खोलीत आहेस ना? दुसऱ्या गावात बसून कोणी हे चित्र ओढत असेल तर त्याचं उत्तर वेळेत पोचणार नाही. समोर बसवून दाखव, असं चाचा म्हणाले होते. माझ्या मनात त्या दोन गोष्टी तेव्हापासून जोडल्या गेल्या आहेत.

हॉलच्या स्वस्त डोंगलला ते प्रमाणपत्रच नव्हतं. २०१२ मध्ये आलेल्या मिराकास्टवर साधा पडदा बिनदिक्कत जातो, पण संरक्षित चित्र पाठवायचं तर दोन्ही टोकांना एचडीसीपी हवं. ते मिळालं नाही म्हणून लॅपटॉपने चित्र आवरून धरलं होतं.

संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने सगळं नीट ऐकून घेतलं आणि काड्यापेटीएवढा एक डबा काढला. "मॅडम, हा मध्ये लावा. काळा पडदा गेलाच म्हणून समजा." तो डबा एका बाजूने एचडीसीपीचं कुलूप उघडतो आणि दुसऱ्या बाजूने उघडं चित्र सोडतो. मी तो हातात घेतला आणि खरंच विचारात पडले. फिल्म माझीच होती. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं ६५अ हे कलम हक्क मोडायच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगतं. माझा हेतू तसा नव्हता, म्हणजे गुन्हाही नव्हता. पण तो डबा लावला असता तर लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंतचे वीस फूट पुन्हा उघडे पडले असते, आणि मागच्या वेळी मी नेमकी तिथेच फसले होते. डबा परत ठेवला. सर काही बोलले नाहीत, पण उद्याचा खेळ होणार कसा ही चिंता त्यांच्या तोंडावर दिसत होती.

वाट सापडली ती भाच्याच्या एका प्रश्नातून: "तू मिररिंग करतेयस की कास्टिंग?" मला दोन्ही एकच वाटत होतं. मिररिंगमध्ये लॅपटॉप फिल्म उलगडतो, आपल्या पडद्यावर दाखवतो आणि तोच पडदा पुन्हा गुंडाळून हवेतून पाठवतो. कास्टिंगमध्ये फोन प्रोजेक्टरच्या बाजूला लावलेल्या स्टिकला, म्हणजे नेटवरून व्हिडिओ चालवणाऱ्या छोट्या उपकरणाला, फक्त पत्ता सांगतो. स्टिक स्वतः नेटवरून कुलूपबंद तुकडे आणते, स्वतःच्या नावाने किल्ली मागते आणि आपल्याच पोटात ते उलगडते. हवेतून जातात ते बंद तुकडेच. उलगडलेलं चित्र स्टिक आणि प्रोजेक्टर यांच्यातल्या वीतभर वायरीतून जातं, आणि त्या वायरीवरही एचडीसीपी असतंच. प्रोजेक्टर जुना असला तरी एचडी चित्रापुरतं त्याला ते येत होतं.

सरांच्या घरच्या टीव्हीला अशी एक स्टिक होती, एल-१ दर्जाची. रात्री नऊ वाजता त्यांनी ती आणली. शाळेचं नेट रखडत होतं, म्हणून माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला, नवा पासवर्ड घातला, तो कुठेही लिहिला नाही. ५ एमबीपीएसच्या हिशोबाने ४८ मिनिटांना साधारण १.८ जीबी डेटा लागणार होता, तेवढा होता. फिल्म लावली. षड्ज आला, आणि त्याबरोबर भिंतीवर चाचांचे हात आले. सरांनी खुर्चीत बसून ती सव्वातीन मिनिटं पूर्ण पाहिली.

एक वाट मात्र कुठल्याच कुलपाने बंद होत नाही: समोर बसून मोबाइलवर चित्रण करणं. थिएटरमध्ये असं केलं तर २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे, पण शाळेचा हॉल काही परवान्याचं थिएटर नव्हे. मी जवारीच्या प्रसंगात कोपऱ्यात त्या त्या गावाचं नाव आणि तारीख फिकट अक्षरांत घालायला सुरुवात केली, म्हणजे तुकडा बाहेर पडलाच तर कुठून ते कळेल. आणि खेळाआधी उभं राहून चाचांचे शब्द जसेच्या तसे सांगते. त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी फोन बंद करून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि मागे वळून बघितलं. मागच्या रांगांतूनही फोन खाली गेले.

चाचांना हे सगळं सांगायला गेले तेव्हा विचारलं, तो प्रसंग काढून टाकू का? ते म्हणाले, "काढू नको. नीट ऐकू येईल तिथेच दाखव." आता प्रत्येक ठिकाणी मी आधी स्पीकर ऐकून बघते.

शाळेतल्या खेळानंतर तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आठवीचा वर्ग सहलीला गेला होता, त्यांना फिल्म दाखवायची होती, पण स्टिकवर परवाना संपल्याची सूचना येत होती. मी लॅपटॉप उघडला, त्याच स्टिकच्या नावाने आणखी ४८ तासांचा परवाना काढला आणि सरांना सांगितलं, जवारीचा प्रसंग आला की हॉलमधले पंखे बंद करा.