तुम्ही विचारलंत म्हणून: पंपचालकांची संघटना करते तरी काय?

“भाऊ, तुमची असोसिएशन काय करून राहिली?” लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि भाव वाढला त्या सकाळी तर हमखास, हा प्रश्न मला ऐकावा लागतो. विचारणाऱ्याची समजूत दोहोंपैकी एक असते: पेट्रोलचा भाव आम्ही पंपचालक एकत्र बसून ठरवतो, किंवा मनात आले की शहराचे पेट्रोल बंद करू शकतो. विदर्भातल्या पंपचालकांच्या संघटनेत बरीच वर्षे पदाधिकारी राहिल्यावर मी तोंडी उत्तर देणे सोडून दिले आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी भावाचे. तेल कंपनीचा दर सकाळी सहा वाजता यंत्रावर चढतो आणि ऑटोमेशन असलेल्या पंपावर त्याला आमचा हातही लागत नाही. आम्हाला मिळते ते लिटरमागे ठरलेले कमिशन, पेट्रोलवर चार-साडेचार रुपये आणि डिझेलवर तीनच्या आसपास. त्यातून पगार, वीज, बँकेचे व्याज आणि नागपूरच्या मे महिन्यात उडून जाणारे पेट्रोल, हे सगळे भागवायचे. जून २०१७ मध्ये दर रोज बदलण्याची पद्धत देशभर लागू होणार होती, तेव्हा हा बदल मध्यरात्री व्हायचा होता. ठिकठिकाणच्या संघटनांनी विरोध केला, बंदचा इशारा दिला आणि वेळ सकाळी सहाची झाली. भावाच्या बाबतीत आमच्या नावावर एवढे एकच यश जमा आहे, आणि तेही घड्याळाचे.

आता बंदचे. इंधन ही जीवनावश्यक वस्तू आहे. २००५ च्या पुरवठा नियंत्रण आदेशाखाली टाकीत माल असताना सबळ कारणाशिवाय विक्री नाकारता येत नाही, आणि कंपन्यांच्या मालकीचे आणि त्यांनीच चालवलेले ‘कोको’ पंप तर कोणत्याही बंदच्या दिवशी चालूच असतात. म्हणून ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी कमिशनसाठी आंदोलन केले ते फक्त खरेदी बंद ठेवण्याचे: डेपोतून माल उचलायचा नाही, टाकीतला विकत राहायचा. ग्राहकांना त्या दिवसाचा पत्ताही लागला नाही. २०१७ नंतर गोठलेले कमिशन वाढले ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. ते आमच्यामुळे वाढले असे आमच्या सभेत अभिमानाने सांगितले जाते आणि मीही टाळ्या वाजवतो.

एके काळी मी कडेकोट बंदच्या बाजूचा होतो. ३ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी घटवले. सुट्ट्यांमध्ये माल मिळणार नाही म्हणून आम्ही आगाऊ पैसे भरून टाक्या भरून ठेवल्या होत्या. जुन्या भावाने घेतलेले वीस हजार लिटर डिझेल ज्याच्या टाकीत होते, त्याचे एका रात्रीत दोन लाख गेले. त्यावर लोक विचारतात, की भाव चढतो तेव्हा साठ्यावर कमावता, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे, पैशापैशाने भाव चढतो तेव्हा आम्ही गप्पच असतो. पण मे २०२० मध्ये हेच शुल्क १० आणि १३ रुपयांनी वाढले, तेव्हा ती वाढ कंपन्यांनी स्वतःवर घेतली, पंपावरचा भाव तिच्यामुळे हलला नाही आणि साठ्यावर आम्हाला काही मिळाले नाही. त्या रागाच्या भरात मी सभेत म्हणालो होतो, की चार दिवस शहर कोरडे पडू द्या, मग आपली किंमत कळेल.

शहर कोरडे पडले ते आमच्यामुळे नाही. १ जानेवारी २०२४ रोजी, नव्या भारतीय न्याय संहितेतल्या अपघातानंतर पळून जाण्याबाबतच्या कलमाविरुद्ध देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. त्यांत टँकरचालकही होते. नागपूरजवळच्या खापरी आणि बोरखेडीच्या डेपोत माल भरपूर होता, पण तो रस्त्यावर आणणारा कोणी नव्हता. दुपारनंतर अफवा पसरली आणि एरवी शंभरचे पेट्रोल टाकणारा माणूस टाकी फुल करून वर बाटली पुढे करू लागला. संध्याकाळपर्यंत वर्धा रोडपासून कामठी रोडपर्यंत पंप एकामागून एक ड्राय होत गेले. सदस्यांना वाटत होते की मी डेपोतून गाडी काढून देऊ शकतो, प्रशासनाला वाटत होते की मी चालकांना समजावू शकतो, आणि चालकांशी माझी ओळख टँकरच्या सीलवर सही करण्यापुरती होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस बंदोबस्तात थोडे टँकर काढायचे ठरले आणि ते कोणत्या पंपांवर उतरवायचे याची यादी संघटनेकडे मागण्यात आली. रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या आणि मोठे रस्ते डोळ्यांपुढे ठेवून मी नावे दिली. त्यातला एक टँकर मेडिकल चौकाजवळच्या पंपावर आला तेव्हा मी तिथे होतो. टँकर आला म्हणजे पेट्रोल मिळाले असे होत नाही. आधी सील आणि घनता तपासायची, काठीला पेस्ट लावून तळाशी पाणी नाही ना हे बघायचे (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात पाणी शिरले तर सगळी टाकी वाया जाते), मग पाइप जोडायचा आणि माल उतरेपर्यंत त्या टाकीवरची नोझल बंद ठेवायची. रांगेतले लोक ओरडत होते, “आलं ना पेट्रोल, मग देत का नाही?” पाइप हाती धरलेला विशीतला पोरगा मान खाली घालून काठीवरच्या पेस्टचा रंग बघत होता आणि त्याला शिव्या पडत होत्या त्या आमच्या सगळ्यांच्या वाट्याच्या.

त्याच वेळी शहराबाहेरच्या, उमरेडकडच्या एका सदस्याचा फोन आला. “भाऊ, यादीत तुमच्या कमिटीवाल्यांचेच पंप कसे काय? आम्ही काय वर्गणी कमी देतो?” पदाधिकाऱ्यांचे पंप बहुतेक शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर आहेत आणि निकष रस्त्याचा होता, हे मी त्यांना सांगितले आणि ते खरेच होते. निकष रस्त्याचाच का असावा, याचे उत्तर मी दिले नाही. त्या संध्याकाळी दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांची बैठक होऊन संप मिटला, गाड्या सुटल्या आणि तो विषय माझ्या आणि त्या सदस्याच्या मध्ये तसाच राहिला. आम्ही आजही बोलतो, पण जपून.

तेव्हा संघटना काय करते, तर दोन दारांमध्ये उभी राहून निरोप पोहोचवते आणि टंचाई आली की ती वाटते. पंपांना सुरक्षेचा परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर असल्यामुळे परवान्याची कामे आम्ही चुटकीसरशी करून देतो, असा एक समज आहे, तोही खोटा. माझ्यातला २०२१ चा माणूस अजून म्हणतो, की हात बांधलेल्या संघटनेला वर्गणी कशाला द्यायची. त्याला मी रांगेतल्या रुग्णवाहिकेची आठवण करून देतो, आणि तो विचारतो की ती रुग्णवाहिका उमरेडला नव्हती का.

पुढच्या टंचाईत माल कोणत्या क्रमाने वाटायचा याचे लेखी नियम आधीच ठरवावेत, असा प्रस्ताव मी मांडला आहे. टाकीची क्षमता, सर्वांत जवळच्या पंपाचे अंतर आणि रुग्णालय हे तीन निकष त्यात आहेत. शहरातल्या सदस्यांना अंतराचा निकष मान्य नाही, तालुक्यातल्यांना क्षमतेचा. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर तो शेवटून दुसरा असतो, आणि त्याची पाळी येईपर्यंत गणसंख्या उरत नाही.