आमची वाटचाल : सूपभर बिया, पिशवीभर शिंपले

गुहागरला आमचा छोटा व्यवसाय आहे. बालवाड्यांसाठी आम्ही वर्गीकरणाचे संच करतो, म्हणजे मुलांनी वस्तू निवडून वेगवेगळ्या वाट्यांत लावायच्या. बांबूचं सूप, काही वाट्या आणि सागरगोटे, चिंचोके, रिठे, उंडीच्या बिया, सुरूची बोंडं, जांभ्याचे खडे, शिंपले. प्लास्टिकच्या ठोकळ्यांत रंग आणि आकार सोडला तर निवडायला काही उरत नाही. सागरगोटा घासला की चटका देतो, जांभा हाताला खरखरतो, उंडीची बी पाण्यावर तरंगते.

ही वाट नवी नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यांनी शिकवायची साधनं उभी केली. आम्ही त्यांचाच कित्ता गिरवतोय.

वाट्यांवर चिठ्ठ्या लावून द्या, अशी मागणी सारखी येते. आम्ही लावत नाही. खूण मुलानं शोधायची! वेलदूरच्या बालवाडीत मासेमारी करणाऱ्या घरातली एक चिमुरडी शिंपले निवडत होती. बाईंनी विचारलं, "हे इथं का गं ठेवलंस?" "हे खायचे, ते नाय खायचे." उत्तर अगदी बरोबर होतं. "आणखी कसे वेगळे करशील?" तिनं सगळे परत एकत्र केले आणि तिसऱ्या या खायच्या शिंपल्यांसारखे दोन झाकणांचे एका बाजूला, अखंड शंख दुसऱ्या बाजूला लावले. द्विपुट प्राणी आणि गोगलगायीच्या कुळातले, हा प्राणिशास्त्रातला भेद तिनं बोटांनी चाचपून काढला. चार-पाच वर्षांची मुलं रंगानं सुरुवात करून मध्येच आकारावर जातात. तिथं टोकू नये, फक्त विचारावं.

आमचं खरं काम निवडण्याचं. गुंज दिसायला देखणी, पण विषारी, म्हणून ती संचात नाही. काही शंख-शिंपल्यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ओळख पक्की पटल्याशिवाय आम्ही एकही घेत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी हा संच देतच नाही, बारीक बी घशात अडकते. बिया खळ्यात कडकडीत वाळवाव्या लागतात, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरतात. म्हणून संचांची भरणी दिवाळी ते शिमगा एवढीच.

या हंगामापासून प्रत्येक संचात एक रिकामी पिशवी देतोय. ती मुलांनी आपल्या परसातून भरायची, आणि बाईंनी आधी एकदा निवडून घ्यायची.