छेत्रीची निरोपाची मॅच आणि सॉल्ट लेकमधले काका

४ जूनला संध्याकाळी पुण्यातून आझाद हिंद पकडली तेव्हा डब्यात सगळे निवडणुकीच्या निकालावर भांडत होते, दुसऱ्या रात्री तेच सगळे मोबाईलवर भारत-आयर्लंड क्रिकेट बघत बसले, आणि मी फुटबॉलसाठी कोलकात्याला चाललोय म्हटल्यावर समोरचा म्हणाला, "एवढ्या लांब? फुटबॉलला?" लई लागलं मनाला. पाटाकडील-दिलबहार या तालमींची मॅच असली की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दुपारीच जागा धरणारी माणसं आम्ही, त्याला काय सांगणार!

खरं कारण वेगळंच होतं. २०१८ ला मुंबईत अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) भारताचा कॅप्टन सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली आणि बघायला माणसं जेमतेम अडीच हजार. मग त्यानं व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण स्टेडियमवर या म्हणून. पुढची केनियाची मॅच, त्याची १०० वी, भर पावसात फुल्ल झाली. मी तेव्हा अंधेरीतच राहायचो, चालत वीस मिनिटं, तरी दोन्हींना गेलो नाही. ते सहा वर्षं डोक्यात राहिलं.

६ जून २०२४, भारत-कुवेत. दिवसभर नुसता घाम. सियालदहहून मेट्रोत शिरलो तर अख्खा डबा निळा, पाठीवर ११ नंबर. सॉल्ट लेक स्टेडियमवर जवळपास ५९ हजार माणसं. शेजारी साठीतले एक काका, एकटेच आलेले. म्हणाले, छेत्री आमचा जावई. खरंच आहे, इथल्या मोहन बागान क्लबचे जुने खेळाडू सुब्रत भट्टाचार्य यांची मुलगी त्याची बायको. आपला रहीम अली एकटा कुवेतच्या गोलकीपरसमोर गेला तेव्हा काकांनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. गोल नाही झाला. शेवटपर्यंत ०-० च. वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत कधीच गेला नव्हता, जिंकायलाच पाहिजे होतं.

शिट्टीनंतर छेत्री हात जोडून एकेका स्टँडसमोरून रडत आला. तोपर्यंत भारतासाठी १५१ मॅच, ९४ गोल. मी ओरडायचं ठरवून आलेलो, आवाजच फुटेना. काका चष्मा काढून शर्टाला पुसत होते, घालत होते, परत काढत होते.

मेट्रोच्या रांगेत त्यांनी गाव विचारलं. मी मोबाईलवर भरलेल्या शाहू स्टेडियमचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटानं मोठा करून करून बघितला आणि विचारलं, इथं मॅच कधी असतात? म्हटलं, डिसेंबरनंतर या काका, जागा मी धरतो.