कूस बदलली की खोली फिरायची

उजव्या कुशीवर वळले की सगळी खोली गरगर फिरायची. पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटून पडायचं. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबे, पण मळमळ बराच वेळ पाठ सोडत नसे. माळ्यावरचा बिबड्यांचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. स्वस्थ बसलं की मात्र काहीच नाही.

मे महिना, अमळनेरात पारा ४४ च्या घरात. त्यामुळे घरात सगळ्यांनी ऊन लागलं असंच धरलं. सासूबाईंनी कैरीचं पन्हं केलं. शेजारच्या जिजी "काय व्हयनं वं माय?" म्हणत कांदा घेऊन आल्या, तळपाय चोळून गेल्या. त्या मायेनं धीर आला, चक्कर तशीच राहिली. दवाखान्यात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळं ठीक निघालं. मग मानेचा एक्स-रे झाला, मणक्यात थोडी झीज दिसली आणि गळ्यात पट्टा आला. पन्नाशीनंतर अशी झीज पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते. चक्कर तिच्यामुळेच येते असं त्यावरून ठरत नाही, हे मला पुढे कळलं.

शेवटी भाऊ मला पॅसेंजरनं जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि नुसतं विचारत राहिल्या. सगळं गरगर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते? कशानं सुरू होतं? किती वेळ टिकतं? ऐकू कमी येतं का, कानात आवाज येतो का? एवढं मला आधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि निदान अर्धंअधिक त्या उत्तरांतच होतं.

कान तर दुखत नाही, वाहत नाही, मी म्हणाले. त्यांनी कागदावर चित्र काढलं. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी भरलेलं. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्यानं, कधी काहीच कारण नसताना ते सुटून नळीत शिरतात. मान वळली की कण सरकतात, पाणी हलतं आणि डोकं फिरतंय असा खोटा निरोप मेंदूला जातो. कण थांबले की चक्करही थांबते. याला बीपीपीव्ही म्हणतात.

मग मला बसवून, मान उजवीकडे वळवून, झटकन मागे आडवं केलं. दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग खोली फिरली! मी भावाचा हात आवळला. मॅडम माझ्या थरथरणाऱ्या बुबुळांकडे बघत होत्या. ही डिक्स-हॉलपाइक तपासणी १९५२ पासूनची. कोणता कान, कोणती नळी हे बुबुळांच्या हालचालीवरून कळतं.

लगेच त्याच टेबलावर उपचार, एपली पद्धतीचा. डोकं थोडं खाली लोंबतं ठेवून चक्कर थांबेपर्यंत थांबायचं, मान डावीकडे वळवायची, मग डाव्या कुशीवर होऊन तोंड जमिनीकडे करायचं आणि सावकाश उठून बसायचं. कण आल्या वाटेनं पिशवीत परत जातात. मळमळीसाठी गोळी मिळते, पण गोळीनं कण जागेवर जात नाहीत. घरी परतताना जरा तरंगल्यासारखं वाटत होतं, तेही पुढे ओसरलं. हे पुन्हा होऊ शकतं, तेव्हा परत यायचं, असं त्यांनी आधीच सांगितलं. मोबाइलवर बघून घरी करायचा मोह आवरा. कान आणि नळी चुकली तर उपयोग नाही, आणि मानेचं दुखणं असेल तर ते आधी सांगायला हवं.

चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचं दोन दिसलं, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे कानाचा विचार करत बसायचं नाही, तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.

माझ्या नणंदेची चक्कर मात्र तासन् तास टिकते, कान गच्च होतो, आत घूं आवाज येतो, ऐकूही कमी येतं. हे वर्णन ऐकून मॅडमना मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा संशय आला. तिची ऐकण्याची चाचणी व्हायची आहे, आणि तोवर मीठ कमी करायला सांगितलंय. पापड-लोणच्याशिवाय तिचा घास उतरत नाही, म्हणून सध्या दोघी मिळून बिनमिठाच्या चवी शोधतोय.