आळशी चाकाचा शोध

ब्रेक दाबल्यावर पिकअप उजवीकडे ओढते, हे चालवणाऱ्याच्या डोक्याआधी मनगटांना कळतं. स्टेअरिंग किंचित फिरू पाहतं, हात त्याला नकळत डावीकडे धरून ठेवतात आणि पुढे या कसरतीची अशी सवय होते की बिघाड हा गाडीचा स्वभाव वाटू लागतो. दुसऱ्याला किल्ली देताना मालक सांगतोही, "ब्रेक लावताना जरा डावीकडे धरा, बाकी गाडी एक नंबर आहे."

मग कधीतरी चाक खोलायची वेळ येते आणि साहजिकच आधी उजवं चाक खोललं जातं. तिथे सगळं ठणठणीत निघतं. बैलगाडीत एक बैल रेंगाळला की गाडी त्याच्याच बाजूला वळते, कारण तिथे काम पुढे ओढायचं असतं. ब्रेकचं काम अडवायचं, म्हणून हिशेब उलटा. जे चाक इमानाने अडतं तेच गाडीला आपल्याकडे वळवतं आणि अंग चोरणारं पलीकडे साळसूदपणे फिरत राहतं. उजवीकडे ओढणाऱ्या गाडीत पहिला संशय घ्यायचा तो डाव्या पुढच्या चाकाचा. पुढच्याच चाकाचा का, तर ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. त्यात पिकअपचा हौदा रिकामा असेल तर मागची चाकं नुसती हजेरी लावायला असतात. म्हणूनच बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. माल भरून गाडी बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, रिकामी असताना कमी.

जॅक लावण्याआधी मात्र दोन्ही टायरांची हवा बघावी. एकात हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला झुकणारच, आणि एवढ्यासाठी ब्रेक उघडून बसणं हा शुद्ध वेडेपणा. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे परीक्षा घ्यायची ती सपाट, मोकळ्या जागी.

मला या प्रकरणात सगळ्यात रंगतदार वाटतो तो एकच प्रश्न: नेमकं कधी ओढते? ब्रेकवर पाय नसतानाही ओढत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच बाजूचा ब्रेक चिकटून बसलेला असतो. फक्त ब्रेक दाबताना ओढत असेल तर विरुद्ध बाजूचा धरत नाही. आणि दाबताना एकीकडे, सोडल्यावर दुसरीकडे, अशी दुटप्पी वागत असेल तर ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणाऱ्या रबरी होज पाइपकडे बघावं. हा पाइप फार लबाड. बाहेरून तुकतुकीत, आतून सुजलेला किंवा सोलवटलेला. आतलं फाटकं रबर एखाद्या झडपेसारखं आडवं येतं. पायाचा जोर असतो तोवर तेल रेटून, जरा उशिराने का होईना, कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन पॅडांनी चिमटणाऱ्या भागापर्यंत पोचतं. परत यायला मात्र त्याला कुणी ढकलत नाही. कॅलिपरमधल्या, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचं रबरी सील दाबाखाली जरासं पिळलेलं असतं, ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. परतीचा जोर काय तो तेवढाच. तेल आत अडकतं आणि पाय काढला तरी चाक धरलेलंच राहतं.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. चाक जॅकवर अडकलेलं असतानाच कॅलिपरचं ब्लीडर निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचं छोटं तोंड, जरा सैल करायचं. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब पाइपात किंवा त्याच्याही मागे अडकला होता. नाहीच सुटलं तर पिस्टन किंवा पिना जाम.

पिनांचा बिघाड पॅडवरच लिहिलेला असतो. बहुतेक पिकअपचा कॅलिपर दोन पिनांवर सरकणारा असतो, पिस्टन आतल्या बाजूलाच. पिनांचं ग्रीस वाळलं की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर येतो. आतला झिजून पातळ आणि बाहेरचा जाडजूड दिसला की निदान झालंच. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावावं, हाताशी असलेलं कुठलंही नाही. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन गंजतो तो ब्रेक ऑइलमुळे. हे तेल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते.

यातलं काहीही न तपासता "पॅड बदलून बघू" म्हणणाऱ्यांचा एक मोठा संप्रदाय आहे. जाम कॅलिपरमध्ये नवे पॅड घातले तर थोडे दिवस बरं वाटतं, मग तेही तसेच झिजतात. त्यातून एकाच बाजूचे बदलले तर ओढायला आणखी एक कारण मिळतं. त्यापेक्षा थोडं फिरून, ब्रेक लावून आल्यावर दोन्ही डिस्कवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखावा. ओढ उजवीकडे आणि डावी डिस्क गार, म्हणजे आळशी कोण ते सापडलं. बोट लावून बघायचा मोह मात्र टाळावा.

दोन्ही डिस्क सारख्याच तापलेल्या निघाल्या तर ब्रेक निर्दोष सुटतात आणि मामला सस्पेन्शनकडे जातो. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलं असेल तर ब्रेक लागताच ते चाक जरा मागे सरकतं आणि त्याची दिशा बदलते. अशी गाडी अलाइनमेंटला नेली तर मशीन सगळे आकडे बरोबर दाखवू शकतं, कारण तिथे गाडी उभी असते, ब्रेक मारत नसते. कागद हातात घेऊन मालक बाहेर पडतो आणि पहिल्याच वळणावर पुन्हा स्टेअरिंगशी झटापट सुरू. आर्मखाली पहार घालून ते बुश हलवून बघितल्याशिवाय या भांडणाचा निकाल लागत नाही.